ठिपक्यांचं पुस्तक

५ एप्रिल १९७६, सोमवार. शिरूर

खरवंडीकर सरांनी आज मला तीन वस्तू दिल्या: एक पुस्तक, एक मऊ ब्रश आणि एक नोंदवही. नोंदवहीत फक्त वय, गाव आणि आकडे लिहायचे. "तुमची मतं नकोत, मिस आढाव," असं दोनदा बजावलं. मतं तर माझ्याकडे भरपूर आहेत. म्हणून येताना पेठेतून ही दुसरी वही घेतली.

नोकरी तीन महिन्यांचीच. पण बी.एस्सी. होऊन दहा महिने मिशनच्या बोर्डिंगात आईला भाजी निवडून देण्यापेक्षा शंभर पटीने बरी. (आई तिथे साठ मुलींचा स्वयंपाक करते.) सर पुण्याच्या एका कॉलेजात शरीरशास्त्र शिकवतात. माणसाला रंग कसा दिसतो यावर त्यांचं संशोधन आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली सहाशे माणसं तपासायची आहेत.

पुस्तक जपानी. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांची गोल चकती आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. लाल-हिरव्यातला फरक ज्याला कळतो त्याला तो दिसतो. ज्याला कळत नाही त्याला भलताच आकडा दिसतो, नाहीतर नुसते ठिपके. पानाला बोट लावायचं नाही, उन्हात धरायचं नाही, एका पानावर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आकडे न येणाऱ्यांसाठी नागमोडी वाटेची पानं आहेत, त्यावरून ब्रश फिरवायचा.

सरांनी आधी मलाच तपासलं. एकही चूक नाही. "बायकांत हा दोष क्वचितच," सर म्हणाले. मला वाटलं होतं कौतुक करतील.

७ एप्रिल, बुधवार. न्हावरे

जीप गावात शिरली आणि गाव रिकामं झालं. मी म्हणजे थक्कच. पारावर बसलेले चार जण उसात पळाले. एकजण तर विहिरीच्या पायऱ्या उतरून बसला. जीप, डॉक्टर आणि कागद एकत्र दिसले की हल्ली एकच अर्थ निघतो: नसबंदी.

हरिबामामांनी (आमची जीप चालवतात, पन्नाशीचे, पानाचा डबा कायम उघडा) चावडीपुढे उभं राहून सांगितलं, "आरं, हे डाक्टर फक्त गळ्याच्या वर बघत्यात. डोळं. बाकीच्या मालाशी त्येंचा संबंध न्हाई."

पहिली आली साळूबाई, सत्तरीची. "माझं काय कापायचं ऱ्हायलंय? बघा मला," म्हणून बसली आणि ब्रश असा फिरवून गेली की सरसुद्धा खूश झाले. मग ऊस हलायला लागला. एकेक जण बाहेर आला.

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस माणसं. त्यातला एक कोंडिबा दूधवाला. पान धरलं की म्हणायचा, "ठिपके हायती की. मोजू का?" शेवटी त्यालाच शंका आली. "बाई, मला आंधळा लिवनार का तुमी?" सर त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "नाव लिहीतच नाही आम्ही. तुमचा नंबर सतरा. हे मी कुणाला सांगणार नाही, ह्या बाई सांगणार नाहीत. तुमच्या डेअरीलाही नाही आणि घरच्यांनाही नाही."

जीपमध्ये मलाही तेच शपथेसारखं म्हणायला लावलं.

११ एप्रिल, रविवार. शिरूर

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. दादा पहाटेच्या एसटीने दौंडहून आला. दानिएल आढाव, लोको शेडमध्ये इंजिन पुसणारा, चार वर्षांची नोकरी, नखांतला कोळसा ईस्टरलाही निघत नाही. खूश होता. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या यादीत नाव लागलंय. १२ मेला रेल्वेच्या डॉक्टरांकडे तपासणी, ती पास झाला की इंजिनावर. दादाला दुसरं काही कधी हवंच नव्हतं. लहानपणी अप्पा (आमचे वडील) त्याला दौंडला घेऊन जायचे ते बाजारासाठी नाही, इंजिन पाणी भरायला आलेलं दाखवायला. अप्पा असते तर आज त्यांनी मिशनच्या सगळ्या कंपाउंडला सांगितलं असतं.

मी म्हटलं, "बस, तुलाही तपासते. फुकट."

"मी काय न्हावऱ्याचा हाय का?" म्हणाला आणि चहा टाकून बाहेर गेला. आई म्हणे, "त्याला जरा बसू दे की. आठवड्यानं आलाय." बसला कुठे, गेला की.

आई त्याचे लाड करते ते बघवत नाही. चर्चला जाताना इस्त्रीचा शर्ट हातात देते आणि वर सांगते, "हिरवा हाय ह्यो." चोवीस वर्षांच्या माणसाला शर्टाचा रंग सांगायचा. मला कधी सांगितलं नाही.

१९ एप्रिल, सोमवार

ईस्टरला तीन दिवस सुट्टी होती. आज पुस्तक उघडलं तर चौथ्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट. मी आईवर खूप चिडले. "चित्रं बघत व्हते," एवढंच म्हणाली. दादा होता दोन दिवस, त्याने तरी तिला अडवायचं. सरांना काय सांगू? खोडरबराने हलकेच पुसलं. डाग गेला, माझी झोप गेली.

आईला ठिपक्यांत एवढं काय आवडलं कोण जाणे. तिला करमणूक नाही दुसरी, खरं आहे. तिला पुढच्या महिन्यात पुण्याला सर्कशीला न्यायचं ठरवलं.

२२ एप्रिल, गुरुवार. कारेगाव

दुपारी बाभळीखाली डबे सोडले आणि सर बोलायला लागले. सर जेवताना छान शिकवतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर शंकूसारख्या पेशी असतात, तीन जातींच्या. प्रत्येक जात वेगळ्या प्रकाशाला जागी होते. रंग बाहेर नसतोच, म्हणाले. तिन्ही जातींनी आपापलं सांगितलं की मेंदू त्यांची गोळाबेरीज करतो, त्या बेरजेला आपण लाल, पिवळा म्हणतो. एक जात नसली की माणूस आंधळा होत नाही, फक्त त्याची बेरीज वेगळी येते. आणि त्याला ते कळत नाही, कारण दुसऱ्याची बेरीज कुणी पाहिलेली नसते.

मग त्यांनी मला तपासणीत आजवर न वापरलेलं एक गमतीचं पान दाखवलं. मला त्यात ठिपक्यांशिवाय काही दिसेना. "बरोबर," सर म्हणाले. "तुम्हाला दिसायला नकोच. रंगांचा गलबला तुमची वाट अडवतो. ज्याला लाल-हिरवं सारखंच दिसतं, त्याला तो गलबला नाही. तो सरळ पंचेचाळीस वाचतो."

मी कितीतरी वेळ डोळे बारीक करून बघितलं. हरिबामामांनीही बघितलं. शेवटी म्हणाले, "सायेब, ज्येला रंग दिसत न्हाई त्येलाच ह्ये दिसतं व्हय? आपलं चांगलं डोळं फुकटच."

आजवर २११ माणसं. दोष असलेले नऊ, सगळे पुरुष. मी आता माणूस पान बघायच्या आधीच ओळखते. त्यांची नजर ठिपक्यांवरून फिरते, थांबत नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले, "असा भरवसा ठेवू नका." पण आहे मला नजर.

२ मे, रविवार. शिरूर

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दादा सकाळी आला. चहा पिताना म्हणाला, "यंदा स्टँडवरचा गुलमोहर फुलला न्हाई." मी कालच पाहिला, नुसता पेटलाय. म्हटलं, एसटीत झोपून येतोस, वर बघतोस कधी? आई मधेच म्हणाली, "बाजरीचं पीठ संपलंय, कुणी आणतं का?"

मग दादा आपणहून म्हणाला, "दबू, काढ तुझं पुस्तक. बघू."

अंगणात सावलीत बसलो. तो ताठ बसला, हात मांडीवर, रविवारच्या शाळेत वचनं म्हणायला बसायचा तसा. मी पानं धरत गेले आणि तो धडाधड सांगत गेला. एकही चूक नाही. एकदा तर मी पान पुरतं वर केलंही नव्हतं. मला अभिमानच वाटला.

मग ते पान आलं.

पहिल्यांदाच तो थांबला. पुढे वाकला. आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद आला, जणू गर्दीत ओळखीचा माणूस भेटला. म्हणाला, "हे तर लईच सोपं हाय. पंचेचाळीस."

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. या वेळी पानं क्रम मोडून धरली. तो दुसऱ्या पानाचे आकडे पहिल्याला सांगायला लागला. चौथ्या पानाला अडला.

आई दारात उभी होती, हात हळदीचे. मी तिच्याकडे बघितलं आणि मला ते हळदीचं बोट आठवलं. ईस्टरच्या दोन दिवसांत ती त्याला पान दाखवायची, आकडा सांगायची, तो घोकायचा.

"त्या पानावर मला कायच दिसंना," आई म्हणाली. "मी म्हटलं, छापायचं ऱ्हायलं असंल. म्हनून सोडलं ते."

दादाने तिच्याकडे बघितलं. "म्हंजी तिथं काय न्हाई म्हनायचं?" त्याने माझ्याकडे वळून विचारलं. "दबू? तिथं काय न्हाई म्हनायचं, व्हय ना?"

मी पुस्तक पिशवीत टाकलं. त्यातच त्याला कळलं, त्या पानाला 'काही नाही' म्हणायचं. आता त्याला पुस्तक पुरतं पाठ आहे.

३ मे, सोमवार

कालपर्यंत चारशेच्या वर माणसं तपासून झालेली होती माझी. नजर आहे म्हणत होते. आणि ज्याच्याबरोबर एका ताटात जेवले त्याचं मला कळलं नाही.

आईशी भांडले. किती वर्षं माहीत होतं? म्हणाली, "तो पाच वर्षांचा असल्यापासनं." मला का नाही सांगितलं? "तू वर्गात सांगितलं असतंस." खरं आहे, सांगितलं असतं.

ती म्हणते, चार वर्षं शेडमध्ये आहे, काही बिघडलं? म्हटलं, शेडमध्ये इंजिन पुसायचं असतं, सिग्नल बघायचा नसतो. ती म्हणते, शेजारी ड्रायव्हर असतोच की. या बोलण्यावर मी रात्रभर उत्तर शोधलं. ड्रायव्हर असतो हे खरंच आहे. शंभर दिवसांतले नव्याण्णव दिवस काहीच होणार नाही हेही खरं आहे.

दादा पहिल्या गाडीने गेला. मला न सांगता.

५ मे, बुधवार. भांडगाव

सरांना विचारलं, नाव न घेता. एखादा माणूस असा सापडला, आणि तो इंजिनावर जाणार असेल, तर?

सरांनी चष्मा काढला. "कोण ते मला सांगू नका. शब्द दिलाय तो दिलाय. आपण रेल्वेला कळवायचं नाही. उद्या लोक आपल्यासमोर बसणार नाहीत."

"मग गप्प बसायचं?"

"त्याचा दोष कुठल्या प्रकारचा आहे ते बघा आधी. काहींना लाल आणि हिरवा सारखा दिसतो. काहींचं त्याहून वेगळं असतं. त्यांना लाल दिसतो, पण विझल्यासारखा. लाल फूल पानांत हरवतं. लाल दिवा लांबून दिसतच नाही." आणि चष्मा लावत म्हणाले, "त्याचं त्याला दाखवायला मात्र तुम्हाला कुणी अडवलेलं नाही."

गुलमोहर.

८ मे, शनिवार. दौंड

दुपारच्या एसटीने गेले. दादा शेडच्या नळावर हात धूत होता. मला बघून म्हणाला, "आईला काय झालं?" म्हटलं, काही नाही, तुझ्याबरोबर चालायला आले. एकदाच. मग मी काही बोलणार नाही.

बारामतीच्या छोट्या लाइनीच्या कडेने निघालो. ऊन उतरलं होतं. दादाला बरोबर कुणी असलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. कुठल्या इंजिनाचा बॉयलर कसा, कुठला ड्रायव्हर शिट्टी कशी देतो, सगळं सांगत होता. लांब खांबावरची पट्टी, सिग्नलचा हात, दिसला तसा म्हणाला, "बघ, आडवा हाय. थांब. मला काय दिसत न्हाई?" हाताचा आकार त्याला माझ्याआधी दिसला होता.  मला वाटलं, आपलंच चुकतंय.

सिग्नलचे दिवे लावणारा खंडू सायकल ढकलत समोरून आला. "कुठं, बहिणीला लाइन दाखवायला?" म्हणाला. "लावले सगळे. चाललो मी." आणि गेला.

आम्ही पुलाच्या कठड्यावर बसलो. अंधारायला लागलं तसा सिग्नलचा हात आभाळात मिसळला आणि दिवा उरला. लाल, स्वच्छ, कुंकवाच्या बोटाएवढा.

मी विचारलं, "दादा, समोर दिवा कसला आहे?"

"कुठं?"

"सरळ समोर."

त्याने बघितलं. मान तिरकी करून बघितलं. "लावलाच न्हाई की अजून. खंड्या असाच हाय, न लावता जातो आन्..." आणि तिथेच थांबला. खंडूने काय सांगितलं ते त्यालाही आठवलं असावं.

 तो उठून मी सांगितलेल्या दिशेने चालायला लागला. मी मागून. खडीवरून बरंच अंतर गेलो. मग तो उभा राहिला. "आत्ता दिसला," म्हणाला.

मला वाटलं तो आता बसेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. तो वळला आणि पुलाकडे परत चालायला लागला, रुळांमधल्या फळ्या मोजत. मोठ्याने मोजत होता. पुलापाशी आल्यावर आकडा म्हणाला, "चारशे सहा."

मग कठड्याला टेकून म्हणाला, "एवढं अंतर हातचं गेलं तर भरली मालगाडी दिव्याआधी थांबत न्हाई, दबू."

शेवटच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून दोन केळी दिली. केळी पिकलेली होती. त्याने वास घेऊन निवडली होती, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

१२ मे, बुधवार. भांडगाव

आज दादाची तपासणी. चोवीस माणसांत तीनदा वय चुकीचं लिहिलं.  हरिबामामांनी पान दिलं. मी पान खात नाही. खाल्लं.

त्याने पाठ म्हणून दाखवलं तरी मी त्याला दोष देऊ शकेन का? माहीत नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण नोंदवहीत लिहिता येत नाही.

१४ मे, शुक्रवार. शिरूर

दादा काल आला. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडला होता. आज संध्याकाळी उठून अंघोळ केली आणि मग सांगितलं.

रेल्वेच्या डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान. दुसरं पान. आकडे तोंडात तयार होते. तिसऱ्या पानाला तो म्हणाला, "सायेब, मला दिसत न्हाई. पाठ हाय."

डॉक्टरांनी पुस्तक खाली ठेवलं. "कुणी पाठ करून घेतलं?"

"आईनं."

"किती शिकलीय आई?"

"तिसरी."

 डॉक्टरांनी मग कागदावर लिहिलं: इंजिनावर अपात्र, शेडच्या कामाला पात्र. शेडच्या फोरमननी त्याला बॉयलर फिटरच्या हाताखाली घेतलं.

"तिथं रंग लागत न्हाई," दादा म्हणाला. "आवाजावर कळतं." एवढं बोलून त्याने पाच भाकरी खाल्ल्या. आई नुसती वाढत होती. त्याचं इंजिन गेलं आणि ते मी घालवलं, असं मला वाटतं. तो तसं म्हणत नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

२० मे, गुरुवार. दौंड

पाहणी आता दौंड शहरात आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादा जीपपाशी येऊन उभा. मला वाटलं माझ्याकडे आलाय. तो सरळ सरांकडे गेला. "मी हिचा भाऊ. मला लाल दिसत न्हाई. पुस्तकात बघून सांगू नका, मला इचारा मला काय दिसतंय ते."

सर त्याला घेऊन झाडाखाली बसले ते तासभर. गुलमोहर कसा दिसतो, निखारा कसा दिसतो, रक्त कसं. दादाला इतकं बोलताना मी इंजिनाशिवाय दुसऱ्या कशावर ऐकलं नव्हतं. निखारा लाल असतो हे त्याने ऐकून मानलं होतं. त्याला तो गरम होत जाईल तसा पिवळा होताना दिसतो, आणि भट्टीतला तो बदल त्याच्या फिटरपेक्षा त्याला आधी कळतो, असं त्याचं म्हणणं. सरांनी यावर "हं" केलं आणि लिहून घेतलं.

सरांनी त्याला जूनमध्ये दोन दिवस पुण्याला बोलावलंय. अंधाऱ्या खोलीत बसून दिवे जुळवायचे. दादाने रजेचं विचारतो म्हणून सांगितलं, जसा काही मोठा साहेब.

२३ मे, रविवार. शिरूर

चर्चहून आल्यावर आई बोर्डिंगच्या मुलींसाठी आलेली आंब्यांची पाटी निवडत बसली. मी शेजारी.

"दबू, हे कशानं व्हतं?"

मी शंकू, पडदा, तीन जाती असं सुरू केलं. तिने हात वर केला. "ते न्हाई. कुनाकडनं येतं?"

मला उत्तर माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं. आईकडून मुलाकडे. आईला स्वतःला सगळं नीट दिसतं, आणि तिच्या मुलांतल्या एखाद्याला नाही. सर म्हणतात विचारल्याशिवाय सांगू नका. पण तिने विचारलं होतं.

"तुझ्याकडून," मी म्हटलं.

ती आंबे निवडत राहिली. पुढे म्हणाली, "माझा बा आंबा दाबून, हुंगून घ्यायचा. गाव म्हनायचं, काय पारखी मानूस हाय. तो आंब्याकडं बघायचाच न्हाई." आणि हसली. मग हसू गेलं. "म्हंजी मीच दिलं त्याला."

"दिलं म्हणजे तू काही केलं नाहीस, आई. माझ्यातही असेल. निम्मी शक्यता आहे. मला मुलगा झाला तर त्यालाही जाऊ शकेल."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, बाजारात वस्तू बघावी तसं. मला वाटलं रडते की काय.

"मग त्याला आंबं निवडायला मी शिकवीन," ती म्हणाली. "तुला न्हाई यायचं ते."

"शिकव. पाठांतर तेवढं नको."

"न्हाई," आई म्हणाली. "ते न्हाई," आणि पाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, डोळे मिट आणि पिकलेला काढून दाखव. मी तीन काढले. तिन्ही कच्चे निघाले.